तिला काय लागते?

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात माझी किंमत एखाद्या जुन्या डब्याइतकी असते. कोणीही मला उचलून कुठेही ठेवते. गेल्या वर्षी मला गच्चीवर ठेवण्यात आले होते. हातात केरसुणी, डोक्याला पंचा आणि खाली जिन्यातून वर येणाऱ्या पत्नीच्या सूचना अशा थाटात मी पाण्याच्या टाकीमागची अडगळ उपसत होतो. फुटक्या फरश्या निघाल्या, मुलाच्या पहिल्या सायकलचे चाक निघाले, आणि त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकलेली डिस्टेंपरची एक तडकलेली बादली निघाली.

बादलीत काय आहे ते मला आधी ओळखूच आले नाही. वाळक्या मिरच्यांचा जुडगा कोणी मातीत खोचून ठेवावा तसे काहीतरी होते. रंग वीटकरी, पाने लांबीने आत मिटलेली, टोके जळून काळी झालेली. माती तर अशी आक्रसली होती, की बादलीच्या कडेपासून बोटभर सुटून तिचा निराळाच गोळा झाला होता. मी ते सगळे कचऱ्याच्या पोत्यात टाकणार तोच खालचे एक पान मोडले, आणि माझ्या अंगठ्याला चिकट, थंड, कडू वासाचा रस लागला.

ती आत्याची कोरफड होती, आणि ती जिवंत होती.

शिरपुरातला उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना या वाक्यातले आश्चर्य पुरतेपणी कळणार नाही. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळिसाच्या आसपास रेंगाळतो. गच्चीवर दुपारी अनवाणी पाऊल टाकता येत नाही. अशा गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, पावसाळ्यात पडेल तेवढ्या पाण्यावर ती पाच वर्षे राहिली होती. ती तिथे मीच ठेवली होती. ठेवताना मी काय म्हणालो होतो तेही मला स्वच्छ आठवते: "राहू दे इथेच. कोरफडीला काय लागते?"

या प्रश्नावरच मला आज लिहायचे आहे. वरवर पाहता तो बागकामाचा प्रश्न आहे. परंतु गेले वर्षभर तो मला छळतो आहे, आणि आता तो कोरफडीपुरता उरलेला नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. फार लवकर विधवा झाली आणि शिरपुरातल्या जुन्या वस्तीतल्या धाब्याच्या घरात एकटी राहिली. आमचे खेडे तालुक्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे चौथीपुढे शाळा नव्हती. म्हणून दहाव्या वर्षी वडिलांनी मला पत्र्याच्या पेटीसह तिच्या ओट्यावर आणून सोडले. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिच्याकडे होतो. माझे खरे शिक्षण तेवढेच. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि खडू हाती धरला. आत्या मात्र शेवटपर्यंत "आमना भाऊ मॅट्रिक शे" असे लोकांना अभिमानाने सांगत असे. मॅट्रिक हा शब्द तोवर परीक्षेच्या नावातून केव्हाच गेला होता; तिच्या तोंडी मात्र तो पदवीसारखा टिकला.

तिच्या मोरीच्या बाहेर, सांडपाणी जिथून वाहे तिथे, कोरफडीचे बेट होते. तुळशीला वृंदावन, तिन्हीसांजेला दिवा, कार्तिकात लग्न. कोरफडीला मोरीचे पाणी. तरी घरात काही झाले की हाक कोरफडीलाच. माझा हात तव्यावर भाजला, कोरफड. केस गळतात, कोरफड. दाराच्या चौकटीवर एक खिळा होता आणि त्याला कोरफडीचा एक मुळासकट उपटलेला गड्डा उलटा टांगलेला असे. नजर लागू नये, चिलटे येऊ नयेत म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी असा टांगतात. त्याला ना माती, ना पाणी. तरी तो महिनोन् महिने हिरवा राही, आणि त्याची पाने खालून वळून हळूहळू वर तोंड करीत. लहानपणी मला ती जादू वाटे. बाहेरची पाने आपले पाणी आतल्या पानांना देऊन एकेक करून वाळतात आणि गाभा जगवतात, हे मला फार पुढे कळले.

मी नोकरीला लागलो, लग्न झाले, गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत घर घेतले. शिरपूर काही मुंबई नव्हे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने जायला फार तर वीस मिनिटे. तरी मी आत्याकडे वर्षातून दोनदाच नियमाने जाई: दिवाळीला आणि आखाजीला. मधूनअधून जाणे होई, नाही असे नाही; पण ते रस्त्यात घर लागले म्हणून. प्रत्येक वेळी मी विचारी, "आत्या, काही लागतं का?" आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "माले काय लागस, भाऊ? मी बरी शे. तू तुनं देख."

मी माझे पाहिले.

२०१९ च्या आखाजीला मी तिच्याकडे जेवलो. तिने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरस होता. पोळी हातावर मोठी करताना तिचा हात कापत होता. मला वाटले, वय झाले. तिने माझ्याबरोबर पान घेतले नाही. मला वाटले, मागाहून जेवेल. आठ दिवसांनी ती गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की पोटातली गाठ काही महिन्यांची असावी आणि दुखत नसणे शक्य नाही.

तेराव्याला मी मोठे जेवण घातले. दोन पक्वान्ने, मंडप, भाड्याच्या खुर्च्या. हिशेब करायची वाईट खोड मला आहे, म्हणून सांगतो: त्या एका दिवशी मी जे खर्चले ते मागच्या दहा वर्षांत आत्यावर खर्चले नव्हते. लोक म्हणाले, भाच्याने पांग फेडले. मग चुलतभावंडांत घराची वाटणी होऊन ते विकले गेले, आणि निघताना पत्नीने मोरीजवळची कोरफड उपटून बादलीत लावून घरी आणली. बादली मी गच्चीवर नेली. पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

आता पुन्हा गच्चीवर येतो. झाड जिवंत आहे असे कळताच मला जे झाले त्याला मी त्या वेळी प्रेम समजलो. बादली खाली आणली. नवी मोठी कुंडी आणली, शेतातली काळी माती, वर भरपूर शेणखत. रोज सकाळी आंघोळ झाली की देवपूजेच्या आधी तांब्याभर पाणी. घरातले सगळे पाहत होते आणि मी कोणाकडे पाहत नव्हतो. पहिल्या चार दिवसांत पाने थोडी फुगली. मी मुलाला बोलावून दाखवले. बाराव्या दिवशी खालची पाने काचेसारखी पारदर्शक झाली, हात लावताच गळून आली, आणि बुंध्याला कुजका वास येऊ लागला.

मी झाड उचलून एका रोपवाटिकेत नेले. तिथला म्हातारा माळी बुंधा नखाने खरवडून म्हणाला, "मास्तर, उन्हानं नाही मेली, ती तुम्ही पाण्यानं मारली."

त्याने मला जे शिकवले ते सांगतो. कोणाच्या घरी अशी एखादी टाकीमागे पडली असेल तर उपयोगी पडेल. झाड मातीतून सबंध काढायचे. काळी, मऊ पडलेली मुळे धारदार सुरीने कापून टाकायची. पांढरट, टणक असतील तेवढीच ठेवायची. बुंधा कुजला असेल तर घट्ट, स्वच्छ भाग लागेपर्यंत खालून चकत्या काढीत जायचे. आईच्या कडेने जी पिल्ले फुटलेली असतात ती ओढायची नाहीत. प्रत्येकाला स्वतःचे मूळ आहे असे पाहून कापून वेगळी करायची. आणि मग सर्वांत अवघड काम: काहीच करायचे नाही. सगळे कागदावर पसरून सावलीत आठवडाभर पडू द्यायचे, म्हणजे जखमा सुकतात आणि त्यांच्यावर पापुद्रा धरतो. मग निम्मी माती, निम्मी नदीची जाड वाळू, तळाला भोक असलेली लहान कुंडी. लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही. पुढेदेखील माती आतपर्यंत कोरडी झाल्याखेरीज नाही. आमची तापीकाठची काळी माती कपाशीला आईसारखी. कोरफडीला मात्र ती दलदल, कारण ती पाणी धरून बसते.

मुलाने कुठेतरी ऐकून एक पान तोडून मातीत खोचले होते. ते पंधरा दिवसांत सडले. पानाला मूळ धरत नाही. कोरफड वाढते ती पिल्लांनी, किंवा शेंडा थोड्या बुंध्यासह कापून लावला तर.

अकरा पिल्ले निघाली. दोन फार कोवळी होती, ती गेली. नऊ जगली. आणि बुंधा कापून कापून ज्याचा केवळ मुठीएवढा तुरा उरला होता ते मूळचे झाड, कागदावर आठ दिवस पडून मग वाळूत ठेवले ते, महिन्याभराने हलवून पाहिले तर हलेना. त्याने नवी मुळे सोडली होती.

मला त्या आठ दिवसांविषयी काही म्हणायचे आहे. कागदावर पडलेल्या त्या झाडाशेजारून येताना-जाताना माझा हात शिवशिवे. थोडे पाणी शिंपडले तर काय होईल? माझ्या ध्यानात येऊ लागले की हे पाणी झाडाची तहान नव्हतेच. तांब्या माझ्या मनाला हवा होता. तेराव्याच्या दोन पक्वान्नांचा आणि या रोजच्या तांब्याचा झरा एकच. आपल्या हातून राहून गेलेले आपण एकदम देऊ लागतो, आणि देताना समोरच्याला ते पेलते का हे पाहायचे सुचत नाही. दान देणाऱ्याच्या मापाने दिले गेले की घेणाऱ्याची मुळे कुजतात. झाडाने हे मला बारा दिवसांत दाखवले. माणसे दाखवीत नाहीत, ती सोसतात.

येथे पत्नीचा आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण या घरात तत्त्वज्ञान माझ्याकडे असले तरी तर्कशास्त्र तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "अहो, झाडाला माणूस करू नका आणि आत्याबाईंना झाड करू नका. कोरफडीला खरंच फार लागत नाही. तुम्ही तिला गच्चीवर ठेवलं त्यात तिचं बिघडलं ते कुंडीत फार पाणी घातल्यावर. आत्याबाईंना मात्र माणूस लागत होतं."

हा आक्षेप मी अनेक दिवस मनात घोळवला. तो खोडून काढता येत नाही. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. ते दुःख भोगते असे म्हणायला शास्त्रात आधार नाही. जगदीशचंद्र बोसांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र करून झाडांची सूक्ष्म वाढ आणि त्यांचे प्रतिसाद जगाला दाखवले तेव्हा कित्येकांना वाटले की वनस्पतींच्या वेदनेचा पुरावाच मिळाला. पण प्रतिसाद देणे वेगळे आणि दुखणे वेगळे. तेव्हा माझ्या कोरफडीने पाच वर्षे हालअपेष्टा भोगल्या असे लिहिले तर ते कादंबरीकाराचे लिहिणे होईल.

आमचे शेजारी जैन आहेत. काका कोरफडीचा रससुद्धा तोंडाला लावत नाहीत. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की बत्तीस अनंतकायांत कुमारीचे, म्हणजे कोरफडीचे, नाव आहे. आले, लसूण, गुळवेल, थोर यांच्या पंगतीला. अनंतकाय म्हणजे ज्या एका शरीरात अनंत जीव वस्तीला असतात अशी वनस्पती. तिला इंद्रिय एकच, स्पर्शाचे. मी हे ऐकले आणि कागदावर पसरलेल्या त्या नऊ पिल्लांकडे पाहिले. काकांची श्रद्धा माझी नाही. परंतु ज्या कोणी हे प्रथम म्हटले त्याने कोरफड उपटून पाहिली असली पाहिजे एवढे मला नक्की वाटते.

कारण या झाडाचा एक विलक्षण भाग असा की त्याला बी सहसा धरत नाही. ते पिल्लांनीच पसरते. पिल्लू म्हणजे आईचाच तुकडा. त्यात नवे काही मिसळलेले नसते. कोरफडीचे मूळ घर अरबस्तान, हे शास्त्रज्ञांनी २०१५ साली तिच्या कुळाचा माग काढून दाखवले. तिथून व्यापाऱ्यांच्या, वैद्यांच्या हातून पिल्लामागे पिल्लू करीत ती जगभर गेली. आपल्याकडे येऊन ती इतकी घरची झाली की आयुर्वेदाने तिला कुमारी म्हटले. कधी म्हातारी न होणारी. आत्याला ती सासूकडून मिळाली होती, सासूला कोठून कोण जाणे. मग माझ्या खिडकीतले झाड कोणाचे? आत्याने ज्याला हात लावला ते झाड हेच, की ते केव्हाच मेले आणि ही तिची नातवंडे? पान सगळी नवी, मुळे सगळी नवी, माती अरुणावतीच्या वाळूची, कुंडी बाजारातली. तरी ते तेच आहे असे मला वाटते, आणि हे वाटणे मी कोणाला सिद्ध करून देऊ शकत नाही. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले. अशा प्रश्नांवर तिथे मोठमोठ्या पंडितांनी आयुष्ये घालवली. माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या मास्तराने त्या वाटेला फार जाऊ नये.

पण त्या वाटेवर एक चोरखिंड आहे आणि ती मला ओळखीची आहे, म्हणून सांगतो. झाड तेच असेल, तर त्याची सेवा ही आत्याची सेवा. म्हणजे फेड झाली! मनाला हे फार आवडते. मी हे एकदा केलेले आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली विधवा मावशी म्हणजे आत्याच. तिचा ओटा, तिचे खापर, तिचे "तू तुनं देख" सगळे मी उचलले. वाचकांची पत्रे आली. एका बाईंनी लिहिले की वाचताना डोळे कोरडे राहिले नाहीत. ती कादंबरी निघाली तेव्हा आत्या जिवंत होती, वीस मिनिटांवर होती, आणि तिला वाचता येत नव्हते. मी तिला एक पानही वाचून दाखवले नाही. प्रत देऊन आलो. तिने ती देवघरात पोथ्यांवर ठेवली. आत्यावर लिहून माझे आत्याविषयीचे मन मोकळे झाले होते, म्हणून मी आणखीच निश्चिंत झालो होतो. तेव्हा एकाचे देणे दुसऱ्याच्या खात्यावर भरून पावती घ्यायची, हा व्यवहार मी आता कोरफडीशी करणार नाही. नऊ कुंड्या नऊ कुंड्याच आहेत.

मग पत्नीचा प्रश्न उरतोच. कोरफडीला खरेच कमी लागते. आत्यालाही कदाचित खरेच कमी लागत असेल. दोन लुगडी, एक वेळची भाकरी यांत ती समाधानी होती हे खोटे नाही. सोशिक माणसाभोवती सारखे घुटमळणे हाही त्याचा एक अपमान असतो. ज्याला कमी लागते, आणि ज्याने मागणेच सोडून दिले आहे, या दोघांतला फरक बाहेरून ओळखायचा कसा? दोघांच्याही तोंडी वाक्य तेच असते.

मी मास्तर आहे. वर्गात पन्नास मुले. त्यांतली दहा दंगा करतात, पाच हुशार आहेत. माझा सगळा तास या पंधरांत जातो. बाकीची पस्तीस ही वर्गाची कोरफड. वर्षअखेर प्रगतिपुस्तकात शेरा लिहायचा असतो, तेव्हा या पस्तिसांपुढे माझा हात आपोआप लिहितो: "शांत व आज्ञाधारक." एक मुलगा होता, पावरा कुटुंबातला, खिडकीशेजारी बसे. त्याच्यापुढे मी दोन वर्षे हेच लिहिले. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तो आला नाही. आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता. तो नाही हे माझ्या लक्षात आले ते संक्रांतीच्या सुमारास, रंगपेट्या मोजताना एक जास्त भरली तेव्हा. त्याने कधी काही मागितले नव्हते. मीही त्याला शांत म्हणून शाबासकी देत होतो. म्हणजे न मागण्याबद्दलच देत होतो.

जमिनीचेही असेच झाले. आमच्या तालुक्यातल्या विहिरींनी पिढ्यान् पिढ्या पाणी दिले, आणि त्या देतात म्हणून आम्ही बोअर खोल खोल नेत राहिलो. विहीर ओरडत नाही. एके दिवशी ती कोरडी असते. मग २००४ च्या सुमारास सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकाने नाले रुंद आणि खोल करून, पिवळ्या मातीचा थर भेदून, एकापुढे एक बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवायला सुरुवात केली. "शिरपूर पॅटर्न" म्हणून त्याचा पुढे बोलबाला झाला. मला त्यातली यंत्रे कळत नाहीत. पण पाणी वरून ओतून उपयोग नाही, ते कोणत्या थरापाशी अडते ते आधी पाहावे लागते, एवढे मला त्या माळ्यामुळे कळू लागले आहे.

कोरफड बोलत नसली तरी खूण देते. ऊन सोसवेनासे झाले की पान हिरव्याचे तांबूस होते. पाणी संपत आले की पातळ होऊन आत मिटते. पाणी फार झाले की पिवळे आणि मऊ पडते. दिवसा तर ती श्वासाची रंध्रेदेखील मिटून घेते, पाणी उडून जाऊ नये म्हणून. ती उघडते रात्री. आत्या रात्री देवघरापुढे बसून बराच वेळ काहीतरी पुटपुटत असे. पाचवीत असताना मी गोधडीतून ते ऐके आणि जप समजून झोपी जाई. सहा वर्षे मी ते ऐकले आणि ती काय बोलते ते एकदाही कान देऊन ऐकले नाही.

रंग पाहणे हा माझा धंदा आहे. मुलांना मी शिकवतो की पान नुसते हिरवे कधी नसते. आणि त्या आखाजीला आत्याच्या चेहऱ्याचा रंग पिवळा होता. मला आज तो कागदावर काढता येईल. तेव्हा मी पोळीकडे पाहत होतो.

नऊ कुंड्यांतली एक वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे, त्या मुलाच्या जागेशेजारी. काही नात्यागोत्यांत गेल्या. काकांनी एक आनंदाने नेली. खात नसले तरी पाळायला हरकत नाही म्हणाले. एक घेऊन मी या श्रावणात आत्याच्या जुन्या घरी गेलो. आता तिथे एक तरुण कुटुंब राहते. धाबे जाऊन स्लॅब आला आहे, पण दर्शनी चौकट जुनीच ठेवली आहे. घरातल्या बाईंनी आगत केले, चहा दिला. मी कुंडी देऊन, ही इथलीच आहे एवढेच सांगून परतलो.

परवा दिवाळीचे फराळाचे ताट घेऊन पुन्हा गेलो. कुंडी ओट्यावर रिकामी होती. चौकटीवर पाहिले, तर त्याच खिळ्याला, लिंबू-मिरचीशेजारी, ती उलटी टांगलेली. मी पाहतो आहे असे बघून बाई हसून म्हणाल्या, "सासूबाईंनी टांगली. तिला काय लागतं, सर? अशीच जगते."

मी काही वेळ बोललो नाही. त्यांचे चुकले असे म्हणायला माझ्यापाशी तोंड नव्हते. आणि खालची दोन पाने वाळली असली तरी गाभा हिरवा होता, शेंडा वळून वर उजेडाकडे निघाला होता. मग घरी जाऊन खिडकीतली आणखी एक कुंडी घेऊन आलो आणि मोरीजवळ ठेवू लागलो. बाई म्हणाल्या, "इथे नको, सर, इथे सारखं पाणी सांडतं. ओट्यावर ठेवू या." त्यांनीच ती उचलून ठेवली आणि विचारले, "हिला पाणी कधी कधी घालायचं?"

"वार ठरवू नका," मी म्हणालो. "पान बोटांत धरून पाहा. पातळ लागलं तर घाला."

त्यांनी एक पान हलकेच दाबून पाहिले.

"आज नको," त्या म्हणाल्या.